नंबर कुणाचा आधी? सरकारी घरांच्या याद्या आणि त्यांवरचे वाद

सरकारी घरासाठी अर्ज केलेल्या माणसाला एकच प्रश्न पडलेला असतो: माझा नंबर कितवा? उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात या प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नाही, कारण इथे रांग एक नाहीच. उल्हासनगरात महापालिका आहे, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर इथे नगरपरिषदा आहेत. म्हाडाचं कोकण मंडळ वांद्र्याच्या गृहनिर्माण भवनात बसतं आणि ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असा पाच जिल्ह्यांचा कारभार पाहतं. झोपडपट्टी पुनर्वसनासाठी ठाण्याचं वेगळं प्राधिकरण आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांची यादी आणखी वेगळी, आणि तिचा शेवट आता अंबरनाथ तालुक्यातल्या वांगणीपर्यंत आला आहे. एका यादीतला पहिला माणूस दुसऱ्या यादीत असेलच असं नाही, आणि एका यादीवर घालवलेली वर्षं दुसरीत कामी येत नाहीत.

म्हणून प्राधान्याचे वाद समजून घ्यायचे तर आधी एक गोष्ट पक्की करावी लागते. आपण ज्या यादीबद्दल बोलतोय ती कोणत्या तत्त्वावर लावलेली आहे? चिठ्ठीवर, राखीव हिश्शावर, एखाद्या ठरलेल्या तारखेवर, की पैसे आधी भरण्यावर? बहुतेक भांडणं इथेच सुरू होतात. अर्जदार गरज आणि वाट पाहिलेली वर्षं मोजत असतो, कार्यालय दुसरंच काहीतरी मोजत असतं.

या भागाला हा प्रश्न नवा नाही. उल्हासनगर हे शहरच घरवाटपातून उभं राहिलं. दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आणून ठेवले गेले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या शहराची पायाभरणी झाली. बराकींचे भाग पाडून कुटुंबं वसवली गेली. आजही तिथले लोक पत्ता सांगताना कॅम्प नंबर आणि बराक नंबर सांगतात. पुढे विस्थापितांच्या नुकसानभरपाईचा आणि पुनर्वसनाचा १९५४ चा कायदा आला. ज्यांनी सिंधमध्ये मागे ठेवलेल्या मालमत्तेचा दावा सिद्ध केला, त्यांची भरपाई सरकारी घराच्या किमतीत वळती करता येत होती. ज्यांचा दावा नव्हता पण जे घरात राहत होते, त्यांना पैसे भरून ते नावावर करून घ्यावं लागे. म्हणजे एका बाजूला ताबा आणि दुसऱ्या बाजूला कागदावरचा दावा. सत्तर वर्षं झाली तरी या भागातली घरांची निम्मीअधिक भांडणं याच दोन टोकांमध्ये अडकलेली दिसतात.

आता आजच्या सर्वांत मोठ्या दारापाशी येऊ, म्हणजे म्हाडाच्या सोडतीपाशी. कोकण मंडळाने २०१८ मध्ये ९,०१८ घरांची सोडत काढली, २०२१ मध्ये ८,९८४, मे २०२३ मध्ये ४,६५४, फेब्रुवारी २०२४ मध्ये ५,३११. फेब्रुवारी २०२५ मध्ये २,१४७ घरं आणि ११७ भूखंड होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ठाण्याच्या काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात ५,३५४ घरं आणि ७७ भूखंडांची सोडत झाली आणि त्यात कुळगाव-बदलापूरचाही समावेश होता. अनामत रक्कम भरून आलेले अर्ज दीड लाखाच्या वर होते. म्हणजे सरासरी एका घरामागे तीसच्या आसपास माणसं. प्रत्यक्षात ती सरासरी फसवी आहे, कारण ठाण्यातल्या खासगी प्रकल्पांत मिळणाऱ्या थोड्या घरांवर अर्जांचा पाऊस पडतो आणि दूरच्या प्रकल्पांना अर्जदार मिळत नाहीत.

सोडत म्हणजे रांग नव्हे, हे इथे नीट समजून घ्यायला हवं. संगणक प्रत्येक अर्जाला सारखी संधी देतो. तुम्ही पहिल्यांदा अर्ज केलात की गेली पंधरा वर्षं करत आहात, याची नोंद निवडीत कुठेच धरली जात नाही. दरवेळी पाटी कोरी. चिठ्ठीत वशिला चालत नाही आणि कुणाच्या हातात फाइल पुढे सरकवायची ताकद राहत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. पण वाट पाहणं हेही एक मूल्य आहे. तिशीत पहिला अर्ज भरलेली बाई पन्नाशीत पोचते आणि कालच अर्ज भरलेल्या माणसाच्या शेजारी त्याच ओळीत उभी राहते, हे मला न्याय्य वाटत नाही. अयशस्वी अर्जांना थोडं वजन द्यायचं ठरवलं तर ते अशक्य नाही. आता प्रत्येक अर्जदाराची संगणकावर कायमची नोंदणी असते, तेव्हा मागचे अर्ज मोजायला वेगळी यंत्रणा उभारावी लागणार नाही.

संगणकाची चिठ्ठी पडण्याआधीच घरांचे वाटे झालेले असतात. आधी उत्पन्न गट. २०२२ च्या बदलानंतर मुंबई महानगर प्रदेशात वर्षाला सहा लाखांपर्यंत अत्यल्प, नऊ लाखांपर्यंत अल्प आणि बारा लाखांपर्यंत मध्यम गट धरला जातो. कुटुंबाचं उत्पन्न म्हणजे पती आणि पत्नी या दोघांचं. मग प्रवर्ग. म्हाडाच्या मिळकत व्यवस्थापनाच्या १९८१ च्या विनियमांनुसार निम्मी घरं सर्वसाधारण प्रवर्गासाठी असतात. अनुसूचित जातींना ११ टक्के, अनुसूचित जमातींना ६ टक्के, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना प्रत्येकी दीड टक्का. उरलेल्यात दिव्यांग, माजी सैनिक, स्वातंत्र्यसैनिक, पत्रकार, कलाकार, राज्य शासनाचे कर्मचारी, म्हाडाचे कर्मचारी, लोकप्रतिनिधी असे हिस्से आहेत. या वाट्यांकडे पाहिल्यावर एक उणीव लगेच दिसते. एकट्या बाईसाठी, विधवेसाठी, किंवा धोकादायक इमारतीतून बाहेर काढलेल्या कुटुंबासाठी यात वेगळी जागा नाही. सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात विधवा, एकल महिला, दिव्यांग, ज्येष्ठ नागरिक आणि तृतीयपंथी यांना प्राधान्य द्यावं असं म्हटलेलं आहे. एकाच राज्यातल्या दोन योजना, आणि गरजेची व्याख्या दोन तऱ्हेची.

प्रत्येक प्रकल्पाला एक संकेत क्रमांक असतो. अर्ज त्या संकेत क्रमांकासाठी आणि त्या प्रवर्गासाठी होतो. प्रतीक्षा यादीही तशीच बनते. इथे नेहमी होणारा वाद असा: समजा, एकाच प्रकल्पात एक अर्जदार सर्वसाधारण प्रवर्गाच्या प्रतीक्षा यादीवर पहिला आहे आणि दुसरा अनुसूचित जमातीच्या यादीवर चौथा. काही महिन्यांनी चौथ्याला देकार पत्र येतं आणि पहिला तसाच राहतो. पहिल्याला वाटतं मध्ये काही तरी घोळ झाला. बहुतेक वेळा घोळ नसतो. जमातीच्या प्रवर्गातले विजेते जात वैधता प्रमाणपत्राअभावी अपात्र ठरलेले असतात किंवा त्यांनी घर परत केलेलं असतं, म्हणून ती यादी पुढे सरकते. सर्वसाधारण प्रवर्गात कुणी घर सोडलेलं नसतं. पण हे अर्जदाराला सांगणारं कुणी नसतं, आणि न सांगितलेल्या जागेत दलाल शिरतो. ‘साहेबांशी बोलून नंबर वर घेतो’ असं म्हणणाऱ्याला गिऱ्हाईक मिळतं ते याच अंधारामुळे.

जानेवारी २०२३ पासून म्हाडाने क्रम उलटा केला. पूर्वी आधी सोडत निघायची, मग विजेत्यांची कागदपत्रं तपासली जायची, मग अपात्रता, मग अपील, आणि या सगळ्यात प्रतीक्षा यादीवरचा माणूस वर्ष-दोन वर्षं टांगलेला राहायचा. आता अर्जाच्या वेळीच पात्रता तपासली जाते आणि पात्र अर्जच सोडतीत जातात. कागदपत्रांची संख्याही एकवीसवरून सातवर आणली गेली. हा बदल मनापासून स्वागत करावं असा आहे. मात्र त्यामुळे वादाची जागा पुढे सरकली. आधी भांडण सोडतीनंतर व्हायचं, आता सोडतीआधी. अधिवास प्रमाणपत्र जुनं निघालं, आधारवरचं आणि पॅनवरचं नाव जुळलं नाही, लग्नानंतरचं आडनाव एका कागदावर बदललेलं आणि दुसऱ्यावर नाही, अशा कारणांनी माणूस चिठ्ठीपर्यंत पोचतच नाही.

उल्हासनगरच्या कामगारवस्तीत याचा फटका जास्त बसतो. जीन्सच्या कारखान्यात नगावर पैसे घेणारा कारागीर, घरकाम करणारी बाई, रिक्षाचालक यांच्याकडे पगारपत्रक नसतं आणि आयकर विवरणपत्रही नसतं. त्यांना तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढावा लागतो. इथे एक साधी गोष्ट लक्षात ठेवायची: उल्हासनगर हा स्वतंत्र तालुका आहे, तर बदलापूर अंबरनाथ तालुक्यात येतं. घर बदललं आणि तालुका बदलला की कुठल्या कार्यालयातून दाखला घ्यायचा इथपासून सुरुवात होते, आणि अर्जाची मुदत तोवर संपते. जाहिरात येण्याआधीच हे दाखले हाती असणं, हाच या व्यवस्थेत सामान्य माणसाच्या हातात असलेला सर्वांत मोठा प्राधान्यक्रम आहे.

घर असण्याच्या अटीवरूनही वाद होतात. म्हाडाच्या नेहमीच्या योजनांत, जिथे प्रकल्प आहे त्या महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत अर्जदाराच्या, जोडीदाराच्या किंवा अज्ञान मुलांच्या नावावर घर नसावं अशी अट असते. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या घरांसाठी मात्र देशात कुठेही पक्कं घर नको. आपली तीन शहरं एकमेकांना चिकटून आहेत, पण हद्दी वेगळ्या आहेत. त्यामुळे एकाच माणसाचा अर्ज एका प्रकल्पात चालतो आणि शेजारच्यात बाद होतो. गावाकडच्या घरात वडिलांच्या जागी वारस म्हणून नाव लागलेलं असतं, अर्जदार ते विसरून गेलेला असतो, आणि नंतर तेच आडवं येतं. अर्ज भरण्याआधी जाहिरातीतली ही अट शब्द न् शब्द वाचावी.

खोणी आणि शिरढोणची कहाणी तर सगळ्या रांगेलाच उलटं करणारी आहे. काटई नाक्याकडून बदलापूरकडे येणाऱ्या रस्त्यालगतच्या या भागात प्रधानमंत्री आवास योजनेतून हजारो घरं बांधली गेली. एकीकडे दीड-दीड लाख अर्ज, दुसरीकडे इथली घरं सोडतीमागून सोडत जाऊनही पडून. शेवटी कोकण मंडळाने ती ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ या तत्त्वावर विकायला काढली. पात्र असाल, पैसे भरायची तयारी असेल, तर मजला आणि सदनिका स्वतः निवडा. इथे चिठ्ठी नाही, प्रतीक्षा यादीही नाही. ज्याची रक्कम आधी जमा झाली त्याचं घर. ऐकायला सरळ वाटतं, पण या पद्धतीत प्राधान्य मिळतं ते ज्याच्या खात्यात आज पैसे आहेत, ज्याला कर्ज लवकर मंजूर होतं, आणि ज्याला संकेतस्थळ वापरता येतं त्याला. अत्यल्प उत्पन्न गटातल्या माणसाकडे नेमकं हेच नसतं. पूर्वीच्या सोडतीत ज्यांनी हीच घरं कर्जाअभावी परत केली, त्यांची घरं आज दुसरा कुणी मजला बघून निवडतो आहे. ही घरं रिकामी ठेवण्यापेक्षा विकली गेली हे बरंच झालं. पण ती विकण्याआधी जुन्या विजेत्यांना कर्जासाठी हात द्यायला हवा होता, असं मला वाटतं.

म्हाडापासून बाजूला होऊन नगरपरिषदेच्या दारात आलं की तत्त्व पुन्हा बदलतं. डिसेंबर २००५ मध्ये केंद्राने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू केलं. त्यातली शहरी गरिबांच्या घरांची योजना आपल्याकडे बीएसयूपी या नावाने ओळखली जाते. बदलापुरातला सोनिवलीचा प्रकल्प तिच्यातलाच. या योजनेत घराच्या किमतीचा थोडा भाग लाभार्थ्याने भरायचा होता: सर्वसाधारण लाभार्थ्याने किमान १२ टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर दुर्बल घटकांनी १० टक्के. इथे चिठ्ठीने माणूस निवडला जात नाही. आधी झोपडपट्टीचं सर्वेक्षण होतं, त्यातून लाभार्थी यादी बनते, आणि त्या यादीतल्यांनाच घर. सोडत निघते ती फक्त कुणाला कोणता मजला आणि कोणती खोली यासाठी. बरेच लोक या सोडतीला आणि म्हाडाच्या सोडतीला एकच समजतात आणि तिथून गैरसमज वाढतात.

सर्वेक्षणाच्या यादीचा मोठा दोष म्हणजे काळ. सर्वेक्षण एका वर्षी होतं, इमारत उभी राहते दहा-बारा वर्षांनी. मधल्या काळात वस्ती बदलते. मुलगा लग्न होऊन वेगळा होतो, भाडेकरू मालक होतो, मूळ लाभार्थी गावी निघून जातो, कुणी झोपडी स्टँप पेपरवर विकून टाकतो. घर तयार झाल्यावर यादीतला माणूस जागेवर नसतो आणि जागेवरचा माणूस यादीत नसतो. शिवाय रस्तारुंदीकरण आणि इतर सार्वजनिक कामांत ज्यांची घरं जातात, त्या प्रकल्पबाधितांना कुठे ठेवायचं हा प्रश्न येतो, आणि प्रशासनाची नजर रिकाम्या बीएसयूपी घरांवर जाते. जुना लाभार्थी म्हणतो, आमच्या नावाने बांधलेलं घर. प्रकल्पबाधित म्हणतो, आमचं डोक्यावरचं छप्पर आज गेलंय. दोघंही खरं बोलत असतात. अशा वेळी निर्णय कुणाचाही होवो, तो लेखी कारणांसह, ठराव करून आणि यादी फलकावर लावून व्हायला हवा. तोंडी दिलेल्या किल्ल्या हा पुढच्या वीस वर्षांच्या कज्जाचा पाया असतो.

झोपडपट्टी पुनर्वसनात हीच गोष्ट आणखी कडक होते. तिथला कळीचा कागद म्हणजे परिशिष्ट-२, सक्षम प्राधिकाऱ्याने प्रमाणित केलेली पात्र-अपात्र झोपडीधारकांची यादी. १ जानेवारी २००० पूर्वीची झोपडी असेल तर घर मोफत. त्यानंतरची, पण १ जानेवारी २०११ पर्यंतची असेल तर अडीच लाख रुपये भरून घर. तळमजल्यावरच्या झोपडीला घर मिळतं, वरच्या पोटमाळ्यावर राहणाऱ्या कुटुंबाला नाही. म्हणजे एकाच छपराखाली राहणाऱ्या दोन भावांत धाकटा अपात्र. परिशिष्ट-२ वर नाव नसेल तर त्यावर अपील करता येतं, आणि पुढे तक्रार निवारण समितीकडे जाता येतं. तिथे उपयोगी पडतात ते जुने कागद: ठरलेल्या तारखेच्या आधीची मतदार यादी, वीजबिल, शिधापत्रिका, फोटोपास. नवा कागद कितीही पक्का असला तरी जुन्या तारखेसमोर तो काही सिद्ध करत नाही.

उल्हासनगरच्या धोकादायक इमारतींतली कुटुंबं तर कोणत्याच यादीत बसत नाहीत. मे २०२१ मध्ये साईशक्ती इमारतीचा स्लॅब कोसळून सात जण गेले. त्याच महिन्यात त्याआधी मोहिनी पॅलेसमध्येही अशीच दुर्घटना झाली होती. अतिधोकादायक ठरलेली इमारत रिकामी करायची नोटीस महापालिका कायद्याच्या कलम २६४ खाली निघते. पण माणसं बाहेर काढल्यावर त्यांनी जायचं कुठे, याची रांग कुठेच नाही. ती झोपडीधारक नाहीत म्हणून परिशिष्ट-२ मध्ये नाहीत. नावावर त्याच हद्दीत घर आहे म्हणून म्हाडाच्या अटीत बसणं कठीण. ज्यांची गरज सर्वांत तातडीची त्यांच्यासाठीच प्राधान्य नाही. या तीन शहरांत घरांच्या धोरणाचा मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा भाग हाच आहे. संक्रमण शिबिराची काही शे घरं या पट्ट्यासाठी कायमची राखून ठेवणं हा त्यावरचा निदान पहिला उपाय ठरेल.

आता वांगणी. गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींतला एक वाटा म्हाडाला, म्हणजे पर्यायाने कामगारांच्या घरांना मिळावा अशी तरतूद विकास नियंत्रण नियम ५८ मध्ये होती. २००१ च्या दुरुस्तीने हा वाटा गिरणीच्या सगळ्या जमिनीवर न राहता फक्त मोकळ्या जमिनीवर धरला गेला, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. म्हाडाच्या वाट्याला येणारी जमीन घटली ती तिथे. पुढच्या सगळ्या रांगेचं दुखणं त्या एका बदलात आहे. जून २०१२ मध्ये ६,९२५ घरांची पहिली सोडत झाली, २०१६ मध्ये दोन, २०२० मध्ये ३,८९४ घरांची एक. सगळी मिळून घरं १५,८७० आणि अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात. २०१६ च्या सोडतीत पनवेलजवळच्या कोन इथली २,४१७ घरं ज्यांना लागली, त्यांना ताब्यासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागलं. करोनाच्या काळात त्या इमारती विलगीकरणासाठी वापरल्या गेल्या.

या यादीतले वाद दोन पातळ्यांवर चालले. एक, कोणत्या गिरणीच्या जमिनीवरचं घर कुणाचं. एखाद्या गिरणीच्या जागेवर इमारत उभी राहिली तर तिथल्या कामगारांना पहिला हक्क मिळाला. ज्यांच्या गिरणीच्या जागेतून म्हाडाला काहीच मिळालं नाही त्यांचा दोष काय, हा प्रश्न मागे उरला. दुसरा वाद वारसांचा. मूळ कामगार गेलेला, एकाच कामगाराच्या नावावर दोन भावांचे दोन अर्ज, बदली कामगाराकडे तिकीट नंबराशिवाय काही नाही. २०२३ मध्ये सुमारे दीड लाख अर्जदारांची पात्रता ठरवण्याची मोहीम म्हाडाने हाती घेतली. ओळखपत्र, तिकीट नंबर, भविष्य निर्वाह निधी किंवा कामगार विमा योजनेचा क्रमांक, सेवेचा दाखला, पगारपत्रक अशा पुराव्यांवर ती चालली.

मग १५ मार्च २०२४ चा शासन निर्णय आला. अंबरनाथ तालुक्यातल्या वांगणीत आणि पुढच्या स्टेशनच्या शेलू इथे मिळून ८१ हजार घरं खासगी विकासकांकडून. घराची किंमत पंधरा लाख, त्यात साडेपाच लाख सरकारचे आणि साडेनऊ लाख कामगाराचे. कागदावर रांग एका फटक्यात निम्म्याने कमी होणार होती. पण निर्णयात कलम १७ होतं: हे घर नाकारणाऱ्याचा पुढचा हक्क संपेल. कामगार संघटनांनी विरोध केला तो घराला नव्हता, या अटीला होता. लालबाग-परळमध्ये उभं आयुष्य काढलेल्या सत्तरीतल्या माणसाला बदलापूरच्या पलीकडचं घर नाकारण्याचा हक्क असावा, आणि नाकारल्यावर यादीतली जागा राहावी, ही त्यांची मागणी. ९ जुलै २०२५ ला आझाद मैदानावर मोठा मोर्चा झाला, आणि त्यानंतर ही अट काढून टाकण्याचं सरकारने जाहीर केलं.

नाकारण्याचा हक्क हा प्राधान्याच्या नियमांतला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. माणसाला किती वेळा नाही म्हणता येईल, नाही म्हटल्यावर तो यादीत कुठे जाईल, हे आधी ठरलेलं नसेल तर कितीही मोठी यादी एका अटीने रिकामी करता येते. कामगारांची बाजू मला पूर्णपणे पटते. पण वांगणीतलं घर ज्यांना खरोखर हवं आहे असेही पुष्कळ आहेत, आणि त्यांना आधी विचारून वेगळी यादी केली असती तर हा सगळा संघर्ष टळला असता.

जगात इतरत्रही हे प्रश्न न्यायालयापर्यंत गेले आहेत. लंडनमधल्या न्यूहॅम कौन्सिलच्या घरवाटपावरचा खटला २००९ मध्ये तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयात, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये पोचला. न्यूहॅममध्ये गरजू ठरलेल्यांचा एक मोठा गट होता आणि त्या गटात क्रम लागे तो बहुतांशी वाट पाहिलेल्या काळावर. एका अर्जदाराचं म्हणणं होतं की त्याच्या घरातल्या आजाराची आणि अपंगत्वाची तीव्रता मोजलीच गेली नाही. न्यायाधीशांनी एकमताने कौन्सिलच्या बाजूने निकाल दिला. गरजेची बारीक मापं काढणं अवघड आणि वादाचं असतं, तर वाट पाहण्याचा काळ सर्वांना समजतो आणि पडताळता येतो. यातलं काय निवडायचं हे निवडून आलेल्या संस्थेने ठरवावं, असा त्याचा आशय. आपल्याकडे वाट पाहिलेल्या काळाचा हा निकषच सर्वांत कमी वापरला जातो हे विशेष. मुंबईत जुन्या उपकरप्राप्त इमारतींतून संक्रमण शिबिरात गेलेल्यांची बृहतसूची आहे. तिथेही वाटपाबद्दल इतक्या तक्रारी झाल्या की डिसेंबर २०२३ मध्ये म्हाडाला २६५ पात्र रहिवाशांसाठी संगणकीय सोडत काढावी लागली.

तुमचा वाद यापैकी कुठल्याही यादीशी असेल तर पहिलं काम म्हणजे नकार लेखी मिळवणं. खिडकीवर मिळालेल्या तोंडी उत्तरावर अपील होत नाही. मग अपिलाची मुदत बघा. ती जाहिरातीत, पुस्तिकेत किंवा नकाराच्या पत्रातच दिलेली असते आणि बहुतेक लोक ती हुकवतात. जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, म्हाडाही स्वतःचा लोकशाही दिन घेते. तिथे तक्रारीचा टोकन क्रमांक मिळतो आणि उत्तर देणं कार्यालयाला भाग पडतं.

त्याबरोबरच माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाही. उत्तराची मुदत तीस दिवस, आणि समाधान न झाल्यास पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. २००५ च्या या कायद्याच्या कलम ४ नुसार अनुदानाच्या योजना कशा राबवल्या आणि लाभार्थी कोण, हे सरकारी संस्थेने न मागता प्रसिद्ध करायचं आहे. ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला कारणं द्यायची आहेत, हेही त्याच कलमात आहे. अर्जात या दोन्ही तरतुदींचा उल्लेख करा. लोकांची नावं मागू नका, खासगी माहिती म्हणून नकार मिळतो. आकडे आणि तारखा मागा. अमुक सोडत, अमुक संकेत क्रमांक, अमुक प्रवर्ग: एकूण घरं किती, किती विजेत्यांनी परत केली, किती अपात्र ठरले, प्रतीक्षा यादीतल्या कितव्या क्रमांकापर्यंत देकार पत्र गेलं आणि कोणत्या तारखेला, उरलेल्या सदनिका पुढच्या सोडतीत वळवल्या का, वळवल्या असल्यास कोणत्या आदेशाने. नगरपरिषदेच्या यादीसाठी विचारा: सर्वेक्षणाची तारीख, मंजूर लाभार्थ्यांची संख्या, आजवर दिलेले ताबे, मूळ यादीबाहेरच्यांना दिलेली घरं आणि त्या निर्णयाचा ठराव क्रमांक. या उत्तरांवरून तुमचा नंबर खरोखर ओलांडला गेला की यादीच वेगळी होती, ते कळतं. ओलांडला गेला असेल, तर अपिलात जोडायचा पुरावाही हाच.